पाचव्या व्यवहाराची कोथिंबीर

नोकरीत असताना बँकेत मला 'सर' म्हणत. निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी मी 'काका' झालो, आणि ज्या दिवशी मी मूलभूत बचत खाते उघडण्याचा अर्ज मागितला, त्या दिवशी काउंटरपलीकडच्या मुलीने मला 'आजोबा' अशी हाक मारली. या तिन्ही पदव्या मला सहा महिन्यांच्या आत मिळाल्या. एवढ्या काळात माणसाचे वय फारसे वाढत नाही. घसरत गेला तो माझ्या खात्याचा दर्जा.

माझे मूळचे खाते पगाराचे होते आणि त्याला बँकेत 'पॅकेज' म्हणत. या पॅकेजात अपघात विमा होता, काळ्या रंगावर सोनेरी अक्षरांचे डेबिट कार्ड होते, विमानतळावरील लाउंजमध्ये प्रवेश होता आणि लॉकरच्या भाड्यात सवलत होती. कोथरूडच्या त्या शाखेत लॉकर कधीच रिकामा नसल्यामुळे सवलत शेवटपर्यंत अबाधित राहिली. लाउंज मी अकरा वर्षांत एकदाच पाहिला. कार्डावरून दोन रुपये कापून घेऊन त्यांनी मला आत सोडले, आणि त्या दोन रुपयांत मी इतका उपमा खाल्ला की विमानात विकत घेतलेले सँडविच मला तसेच पिशवीत घालून भाच्याकडे न्यावे लागले.

पॅकेजातील सर्वांत भारदस्त वस्तू मात्र ओव्हरड्राफ्ट ही होती. खात्यात शिल्लक नसली तरी दोन पगारांएवढी रक्कम मला केव्हाही उचलता येईल, असे आश्वासन बँक मला दर पंधरा दिवसांनी मोबाइलवर देत असे, आणि तेही इतक्या अजीजीने की, ती रक्कम न उचलून आपण कोणाचे तरी मन दुखावत आहोत, असे मला वाटू लागले होते. उधारीला घाबरणाऱ्या घरात वाढल्यामुळे मी ती कधी उचलली नाही. गरज पडेल तेव्हा बघू, असे म्हणत राहिलो.

३१ मार्च २०१९ रोजी मी निवृत्त झालो. सलग तीन महिने पगार जमा न झाल्यामुळे जुलैत खात्याचे पॅकेज सुटले आणि ते साधे बचत खाते झाले. त्याच आठवड्यात पुण्यात पाऊस लागला, आमची गच्ची गळू लागली आणि गरज पडली. मी त्या ओव्हरड्राफ्टची चौकशी करायला गेलो, तेव्हा ती सुविधा पगारासोबतच गेल्याचे कळले. ज्याच्याकडे दरमहा पैसे येतात त्याला उसने द्यायला हात पुढे करायचा आणि ज्याचे येणे थांबले त्याच्यासमोर तो खिशात घालायचा, हे तत्त्व गावच्या सावकारालाही ठाऊक होते. बँकेने त्याला फक्त एसएमएसची जोड दिली आहे. तेथील तरुण अधिकाऱ्याने मात्र मला निराश केले नाही. "काका, तुमच्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट देतो ना! नव्वद टक्क्यांपर्यंत मिळेल. व्याज एफडीपेक्षा फक्त एक टक्का जास्त." मी घरी येऊन हे कागदावर मांडून पाहिले. माझे पैसे बँकेकडे असल्याबद्दल ती मला व्याज देणार होती आणि त्यातलेच पैसे तिने माझ्याकडे दिल्याबद्दल मी तिला अधिक व्याज देणार होतो. पैसे दोन्ही वेळा माझेच होते. मी खात्यातली शिल्लक काढली आणि गच्चीवाल्याचे बिल भागवले.

त्यामुळे महिन्याची सरासरी शिल्लक दहा हजारांच्या खाली गेली आणि दंड झाला. दंडावर अठरा टक्के जीएसटी लागला. शिल्लक नेमकी किती उरली हे न कळल्यामुळे मी एटीएममध्ये जाऊन दोन हजार मागितले, यंत्राने ते नाकारले आणि पुरेशी रक्कम नसताना मागणी केल्याबद्दल आणखी पंचवीस रुपये व त्यावरचा जीएसटी कापून घेतला. कोरड्या विहिरीत पोहरा सोडल्याबद्दल विहिरीने भाडे घ्यावे, असा हा प्रकार होता.

तेव्हा मी अभ्यासाला लागलो. पुण्यात राहणारा निवृत्त मनुष्य रिकामा असला की परिपत्रके वाचतो. रिझर्व्ह बँकेने २००५ साली बँकांना 'नो फ्रिल्स' म्हणजे झालरी नसलेली खाती उघडायला सांगितले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांचे नाव बदलून 'मूलभूत बचत ठेव खाते' असे झाले, आणि १ जुलै २०१९ पासून त्याचे नवे नियम लागू झाले होते. किमान शिल्लक नाही, दंड नाही, एटीएम कार्ड फुकट, पैसे कितीही वेळा भरा आणि महिन्यातून किमान चार वेळा काढा. माझी गच्ची आणि माझे खाते या दोहोंची गळती थांबवणारा हाच उपाय आहे, अशी माझी खात्री पटली. परिपत्रकाच्या दोन प्रती काढल्या, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या आणि शाखेत गेलो.

"काका, ते गरिबांचं खातं असतं," अधिकारी हळू आवाजात म्हणाला, जणू काही मी चुकून बायकांच्या डब्यात चढलो होतो. हे खाते म्हणजे सर्वांना उपलब्ध असलेली सामान्य बँकसेवा समजावी, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे मी त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते वाचले, प्रतीचा रंग पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि हा मनुष्य दुसरी प्रत कोणासाठी घेऊन आला असावा, याचा अंदाज त्याला आला. मग त्याने मला शेवटच्या खिडकीकडे पाठवले. तेथे प्रथम मला 'छोट्या खात्या'चा अर्ज मिळाला, जो कागदपत्रे नसलेल्यांसाठी असतो आणि ज्यात शिल्लक पन्नास हजारांवर जाऊ देत नाहीत व महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त काढू देत नाहीत. माझ्याकडे पॅन, आधार, पारपत्र आणि विजेचे बिल होते, ते सर्व खिडकीत मांडल्यावर मुलगी म्हणाली, "आजोबा, मग हा नाही, तो दुसरा फॉर्म." मूलभूत खाते असणाऱ्याला त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, जुने असल्यास तीस दिवसांत बंद करावे लागते, असा नियम आहे. मी ते तिसाव्या मिनिटालाच बंद करण्याच्या कागदावर सही केली आणि काळे-सोनेरी कार्ड तिच्यापुढे ठेवले. तिने ते कात्रीने कापले. नवे कार्ड 'रुपे' या देशी कार्डव्यवस्थेचे होते आणि त्यावर माझे नाव छापलेले नव्हते.

आता मुद्द्याची गोष्ट. रिझर्व्ह बँकेने 'किमान चार' असे म्हटले होते. ते शब्द मुंबईहून निघून आमच्या शाखेत पोहोचेपर्यंत त्यांतला 'किमान' बहुधा खंडाळ्याच्या घाटात उतरला, कारण येथे आला तो नुसता 'चार'. त्यातही काढणे म्हणजे नोटा काढणे, अशी माझी भाबडी समजूत होती. खात्यातून बाहेर पडणारा प्रत्येक रुपया, मग तो एटीएममधून पडो, स्लिप भरून मिळो की मोबाइलवरून यूपीआयने जावो, त्या चारांतच मोजला जात असे, हे मला कोणी सांगितले नाही. आणि सांगण्यासारखे काही असेल, असे मलाही सुचले नाही.

सप्टेंबर उजाडला. दुसऱ्या तारखेला गणेश चतुर्थी होती, म्हणून पहिल्या तारखेला एटीएममधून आठ हजार काढले. हा पहिला व्यवहार. संध्याकाळी सोसायटीची मुले वर्गणीला आली. त्यांच्या पावतीपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवलेला पाहून मला कौतुक वाटले आणि मी पाचशे एक रुपये मोबाइलवरून दिले. हा दुसरा. महावितरणचे बिल भरले, तो तिसरा. चौथ्याची आठवण अजूनही मला टोचते. गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यानंतर वाचनालयातून परतताना आम्ही पाच निवृत्त मित्र टपरीवर थांबलो आणि प्रत्येकाने पैसे देण्यासाठी खिसा चाचपण्याचे ते सुप्रसिद्ध नाटक सुरू झाले. एरवी मी त्यात फक्त भूमिका करतो. त्या दिवशी मात्र बाप्पाच्या कृपेने आमच्याच ठेवींपैकी एक मुदत संपून खात्यात आली होती आणि खात्यात सदतीस हजार चारशे बारा रुपये होते. मी मोबाइल काढला, टपरीवरचा कोड टिपला आणि पन्नास रुपये देऊन टाकले. मित्र अवाक् झाले. तारीख होती अकरा.

बारा तारखेला, अनंत चतुर्दशीच्या सकाळी, मी भाजीवाल्याकडे गेलो. पत्नी मुलीकडे नाशिकला गेली होती आणि आमटी मी करणार होतो. रोख पैसे दूर्वा, हार, पेढे आणि भटजींची दक्षिणा यांत संपले होते. मी कोथिंबिरीची एक जुडी घेतली, वीस रुपये भरले, पिन टाकला, आणि पडद्यावर लाल रंगात व्यवहार नाकारल्याचे आले. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्या वेळी भाजीवाल्याने, एक शब्दही न बोलता, जुडी माझ्या पिशवीतून काढून पुन्हा ढिगावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी शाखेत जाऊन स्लिप भरली. मुलीने खाते उघडून पाहिले. "आजोबा, तुमचे चार झाले. आता एक तारखेला." मी म्हणालो की खात्यात सदतीस हजार रुपये आहेत. "हो, दिसताहेत ना!" ती आनंदाने म्हणाली. एक ठेव मोडावी म्हटले, तर तिचे पैसेही याच खात्यात येणार होते. "भरायचे असतील तर मात्र कितीही वेळा भरा," तिने धीर दिला. उंदराच्या पिंजऱ्याचे दारही याच बाबतीत अतिशय उदार असते.

साध्या बचत खात्यात पैसे ठेवावे लागत होते म्हणून ते बाहेर काढता येत नव्हते, आणि मूलभूत खात्यात ते ठेवावे लागत नव्हते तरीही काढता येत नव्हते. पुढे समजले की काही बँका पाचव्या व्यवहाराला दार लावत नसत, शुल्क घेऊन सोडत असत. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपेच्या व्यवहारांवर घेतलेले शुल्क ग्राहकांना परत करा, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये बँकांना सांगितले. ज्यांना लुबाडले होते त्यांना असे काही तरी मिळाले. माझ्या बँकेने माझ्याकडून काहीच न घेतल्यामुळे मला परत मिळण्यासारखे काहीच नव्हते.

घरी आलो तेव्हा पोळ्या करायला येणाऱ्या मावशी कणीक मळत होत्या. मला कोणाला तरी सांगणे आवश्यक होते. मी चार व्यवहारांची सर्व कहाणी सांगितली आणि त्या लाटणे थांबवून माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जसे पहिलीतल्या मुलाची पाटी पाहतात.

"यूपीआय केलंत? चहाला?" त्या म्हणाल्या. "अहो काका, ह्या खात्याला चहा परवडत नाही."

मावशींचे जन धन खाते, म्हणजे सरकारी योजनेतले हेच मूलभूत खाते, योजनेच्या पहिल्याच वर्षी, २०१४ साली, उघडलेले. पाच वर्षांत त्यांचा चौथा व्यवहार कधी वापरलाच गेला नव्हता. पहिल्या तारखेनंतर त्या एकदाच शाखेत जातात, स्लिप भरून लागणारी सर्व रक्कम काढतात आणि घरी येऊन दळण, गॅस, मुलाची फी आणि भिशी अशा चार डब्यांत घालतात. उरलेले तीन व्यवहार आजारपणासाठी राखून ठेवलेले असतात. शिवाय त्या दर दोन महिन्यांनी यंत्रावर शिल्लक पाहून येतात, कारण त्यांच्या रुपे कार्डावरचा अपघात विमा मिळायचा तर अपघातापूर्वीच्या नव्वद दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेले असावे लागते. ज्याला अपघात होणार आहे त्याने एवढी पूर्वतयारी करावी, ही अपेक्षा मला थोडी जास्त वाटली. मावशींना मुळीच वाटली नाही. एकरकमी एक लाखासाठी दोन महिन्यांतून एकदा चालत जायला काय हरकत आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

"आणि ओव्हरड्राफ्ट?" मी विचारले. या शब्दाला मावशी अडखळल्या नाहीत. सहा महिने खाते नीट चालवले की दहा हजारांपर्यंत मिळतो, घरात एकालाच मिळतो, आणि दोन हजारांपर्यंत तर काही अटी घालत नाहीत, एवढे त्यांनी पोळी भाजता भाजता सांगितले. त्यांनी तो घेतला मात्र नव्हता. "नाव इंग्रजी असलं तरी कर्जच ना ते. तुम्हाला देत नाहीत?"

"नाही."

"का?"

"मी गरीब नाही म्हणून."

मावशींनी ओट्यावर ठेवलेल्या आमटीकडे पाहिले, जिच्यात कोथिंबीर नव्हती. मग त्यांनी हात धुतले, दाराशी टांगलेली पिशवी उघडली, तिच्यातला बटवा काढला आणि पाचशेची घडी घातलेली नोट फ्रिजवर ठेवली. कोणताही अर्ज नव्हता, पिवळ्या केलेल्या ओळी नव्हत्या, सहा महिन्यांची अट नव्हती. "काकूंना सांगू नका," एवढीच एक अट होती, आणि ती माझ्या सोयीसाठी घातलेली होती.

पाचशे रुपयांत मी पितृपक्ष काढला. टपरीवरचे नाटक पुन्हा मूळ संहितेप्रमाणे करू लागलो. १ ऑक्टोबरला सकाळी सात वाजता मी एटीएममध्ये सर्वांच्या आधी पोहोचलो. मावशींचे पाचशे परत करायचे होते, त्यामुळे डोक्यात दुसरे काहीच नव्हते. यंत्राने मला रक्कम विचारली, आणि मी पाचशे दाबून बसलो. नोट बाहेर आली तेव्हा माझ्या लक्षात आले की महिन्याचा पहिला व्यवहार झाला आहे आणि माझ्या स्वतःच्या खिशात अजूनही एक रुपया नाही.