आँत्रे आणि आतडी

पॅरिसमधल्या एका छोट्या खाणावळीत, दोनला पाच कमी असताना, मी 'आँत्रे' मागवलं. अमेरिकेतल्या मेन्यूकार्डावर आँत्रे म्हणजे मुख्य जेवण. इथे आलं एक उकडलेलं अंडं. दोन अर्धुकं, त्यांवर मेयोनेझ, खाली सॅलडचं पान. बरोबर उकडलेलं, बलकाभोवती हिरवट कडासुद्धा नाही. तक्रारीलाही जागा ठेवली नव्हती.

"मग पुढे?" वेटर.

"हेच."

"हेच?"

"हेच."

त्याने शेजारच्या आजीबाईंकडे पाहिलं. टेबलाखाली त्यांचं कुत्रं बसलं होतं. बाईंनी त्याला बीफचा तुकडा दिला, माझ्या जेवणापेक्षा मोठा, आणि मग मला समजावलं, "आँत्रे म्हणजे आत येणं हो. तुम्ही दारातच बसलात."

आपल्याकडे नाटकाच्या पहिल्या प्रवेशाला कोणी नाटक संपलं म्हणत नाही, हे मला पटतं. पण घोळ माझा एकट्याचा नाही. पूर्वी फ्रेंच मेजवानीत पदार्थ फेऱ्यांनी, एकदम मांडत. पहिल्या फेरीत सूपबरोबर आँत्रे, म्हणजे चांगले भरगच्च मांसाचे पदार्थ, आणि भाजलेलं मांस दुसऱ्या फेरीत. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक वाढायची रशियन पद्धत आली आणि आँत्रे सूप-माशांनंतर, भाजलेल्या मांसाच्या आधी येऊ लागलं. प्रसिद्ध फ्रेंच आचारी एस्कॉफिएच्या 1903च्या पाकग्रंथातही आँत्रेच्या प्रकरणात मांसच मांस. पुढे जेवणं आखडली. अमेरिकेने मांस ठेवलं, फ्रान्सने दार. वाटणी झाली, उपाशी मी.

खाणावळीच्या मेन्यूफळ्यावरचा हिशोबही तसाच: 'आँत्रे + प्ला' किंवा 'प्ला + देसेर'. देसेर म्हणजे शेवटचं गोड; पोट भरतं ते 'प्ला'ने, म्हणजे मुख्य पदार्थाने. नुसतं आँत्रे घेऊन जेवायचं हे त्यांच्या डोक्यातच बसत नाही. आणि हे कळेपर्यंत दोन वाजले, स्वयंपाकघर बंद! संध्याकाळी सातपर्यंत चूल पेटत नाही. देश एवढा खवय्या म्हणे, आणि दुपारी तीनला भूक लागायची परवानगी नाही.

"पाव फुकट असतो," बाई म्हणाल्या. "पाणीही. 'कराफ दो', म्हणजे नळाच्या पाण्याचा जग, म्हणा, नाहीतर पैसे घेऊन बाटली आणतील."

म्हटलं. पाव आला. मेयोनेझ पुसून पुसून चार तुकडे खाल्ले. बिल आल्यावर वेटरने विचारलं, "आँत्रे आवडलं?"

टेबलाखालून कुत्रं जांभई देत होतं. तृप्तीची.