सागातला पांढरा पट्टा ही भेसळ नाही, आणि डार्क स्टेन हा त्यावरचा इलाजही नाही

लग्नसराई आली की परभणी-नांदेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यात म्हटलेलं थोडक्यात असं: फळीत पांढरा पट्टा दिसला की ते सागवान नाही, मिस्त्रीनं हलकं लाकूड खपवलं. पट्टा झाकायचा तर सगळ्यावर गडद स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारा. नाहीतर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडनं धुवा, किंवा जवसाचं तेल चोळा, रंग एक होतो. यंदा या मेसेजपायी माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीची दिवाणाची मजुरी अडकली. पट्टा होता चार बोटांचा. म्हणून हे लिहितोय.

आधी भेसळीचा आरोप. सागाच्या खोडाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो आणि सालीलगतचं लाकूड फिकट, पिवळसर-पांढरं. झाड एकच. किनवटच्या जंगलातला साग घ्या की शेताच्या बांधावरचा, दोन्हींत हे असतंच. कोवळ्या, बारीक झाडात पांढरं जास्त निघतं. बाभळीचंही तसंच, गाभा लालसर आणि कड फिकट. मेसेजच्या बाजूनं बोलायचं तर खरं एवढंच की पांढऱ्या लाकडाला वाळवी आणि भुंगा लवकर लागतो. दाराच्या चौकटीला, ओल लागेल अशा जागी ते नको, हा आग्रह धराच, आणि तो लाकूड घेतानाच धरा. पण काम झाल्यावर पांढरं दिसलं म्हणून मिस्त्रीला चोर ठरवणं हा खोटा आळ आहे.

आता गडद स्टेन. त्या दिवाणावर मालकानं तोही मारून पाहिला होता. गाभा काळपट झाला, पट्टा तपकिरी झाला, फरक होता तिथंच राहिला. एकच रंग दोघांवर चढवला तर दोघंही गडद होतात, दुसरं काय होणार? फळीचं कापलेलं टोक तर रंग जास्त पितं, तिथं काळा डाग उमटतो. फरक बुजेपर्यंत दाट मारला तर सागाच्या रेषाही बुजतात. मग सागाला पैसे कशासाठी मोजले?

रंग जुळवायचा तो फिकट भागाला गाभ्यापर्यंत चढवून. त्यातही घाई नको. नुकताच रंधा मारलेला साग हिरवट, काळपट, ठिगळ लावल्यासारखा दिसतो. उजेडात काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे राहिला की गाभा आपोआप सोनेरी होतो. ताज्या लाकडाशी आज रंग जुळवला तर गाभा पुढं बदलतो आणि जुळवलेला पट्टा मागं राहतो. गाभा स्थिर झाला की सगळ्यावर स्पिरिटचं फडकं फिरवा. ओलं असताना दिसतो, साधारण तोच रंग पॉलिशखाली येणार. मग स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग अगदी पातळ करून फक्त पांढऱ्यावर, दोन-तीन हातांत चढवा, आणि कडेला जवळजवळ कोरड्या ब्रशनं विरवत न्या म्हणजे रेघ दिसत नाही. त्यावर चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या पॉलिशचा, पातळ हात. उरलासुरला फरक रंग मिसळलेल्या पॉलिशनं हळूहळू निघतो. हे सगळं आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर करून पाहा, आणि पाहा दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग सकाळी वेगळा दिसतो.

पॉलिश पेपरचं थोडं सांगतो. १५० ते १८० नंबरवर थांबा. त्याहून बारीक घासलं की लाकूड रंग कमी पितं. कापलेल्या टोकांना मात्र मुद्दाम २२० नंबर मारा, तिथं कमीच प्यायला हवं. आणि चपड्याचं काम भर पावसात काढू नका, हवेतली ओल धरून पॉलिशवर पांढरी झाक येते.

ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लोखंडाचे डाग काढतं. खिळ्याभोवती, ओल्या ठिकाणी लाकूड काळं पडतं, त्यावर ते खरंच चांगलं. लाकडाचा मूळ रंग त्यानं बदलत नाही, म्हणजे पट्ट्यावर उपयोग शून्य. ते विषारी आहे. नीट धुतलं नाही तर वाळून राहतं आणि पुढं घासताना धूळ नाकात जाते. त्यात घरातलं ब्लीच तर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

जवसाचं तेल गाभा आणखी खुलवतं आणि गडद करतं, त्यामुळं पट्टा उलट उठून दिसतो. तेल लावायला हरकत नाही, पण रंग जुळवून झाल्यावर. आणि मेसेजमध्ये नसलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतं आणि काडी न लावता पेट घेतं. उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.