पाऊस पंख्यांनी पळवला नाही

यल्लम्माच्या डोंगराला जाताना बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. पाऊस लांबला की त्यांचाच फोटो मोबाइलवर फिरायला लागतो: "हे पंखे ढग पांगवतात. पंखे आले आणि पाऊस गेला. आणखी उभे राहू देऊ नका." पावसाआधीच कोरड्या मातीत धूळवाफ पेरून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हे पटतं, यात नवल नाही. पण ते खरं नाही.

"ढग पांगवतात" हा घोळ पंखा या शब्दानंच केलाय. घरातला पंखा वीज खाऊन वारा घालतो. पवनचक्की वाऱ्यानं फिरते आणि वीज देते, म्हणजे तिच्यामागचा वारा उलट मंदावतो. ती ढकलणार कशानं? कुणी म्हणेल, घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला ढग जमिनीला टेकतात की! टेकतात. पण जोराचा पाऊस देणारा ढग तिथून कित्येक किलोमीटर वर चढलेला असतो, आणि नव्या चक्कीच्या पात्याचं टोकही दीडशे-दोनशे मीटरवरच थांबतं.

"पंखे आले आणि पाऊस गेला" म्हणणाऱ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ विचारावा. वीज देणाऱ्या पवनचक्क्यांचे देशातले पहिले प्रकल्प १९८५-८६ च्या सुमाराचे. १८७६-७८ च्या दुष्काळात याच भागात माणसं अन्नावाचून मेली, तेव्हा कुठला पंखा होता? सौंदत्तीचा पाऊस मुळातच कमी, कारण सह्याद्री आधीच ढग रिते करतो. कणकुंबीत कोसळतो त्याच्या निम्माही बेळगावात पडत नाही, सौंदत्तीत तर त्याहून कमी. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंखे जागेवरच होते, तरी मलप्रभा नदीनं काठची गावं बुडवली.

२०२३ चं उदाहरण हमखास दिलं जातं. त्या वर्षी साऱ्या देशाचाच ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला, प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी तापलेलं होतं, आणि तसं झालं की आपला पाऊस बहुधा कमी पडतो. देशभरचा पाऊस सौंदत्तीच्या माळावरून कसा अडेल?

मला या मेसेजचा राग येतो तो वेगळ्याच कारणानं. पवनचक्कीवाल्यांना विचारण्यासारखं खूप आहे: एकरी भाडं किती, ते दर किती वर्षांनी वाढणार, रस्त्यात गेलेल्या बांधाचं काय, मुदत संपल्यावर काँक्रीटचा पाया कोण उखडणार. आपल्याकडे करार कन्नडमध्ये येतो आणि मराठी शाळेत शिकलेला शेतकरी न वाचताच अंगठा-सही करून मोकळा होतो. पावसावर भांडत बसलो की हे कागद तसेच राहतात. करार आधी मराठीत वाचून घ्या, सही मग.