एकाच नाकपुडीतला मास आणि ‘तुकडा काढू देऊ नका’ हा सल्ला

‘नाकातला मास सर्दीनेच वाढतो. तुकडा काढू देऊ नका, कॅन्सर पसरतो. रोज तूप सोडा, गळून पडेल. ऑपरेशन केलं तरी तो परत येतोच.’ अशा आशयाचे निरोप मोबाइलवर फिरत असतात. मास म्हणजे नाकात वाढलेली गाठ, तुकडा म्हणजे तपासणीसाठी घेतलेला तिचा नमुना (बायोप्सी). यातलं प्रत्येक वाक्य वेगळं तपासायला हवं, कारण काही वाक्यांत थोडं तथ्य आहे आणि तेच जास्त धोक्याचं आहे.

‘मास सर्दीनेच वाढतो.’ नाकातल्या बहुतेक गाठी साधे पॉलिप (अस्तराच्या सुजेतून वाढलेले मऊ फुगवटे) असतात, हे खरं. पण ते सहसा दोन्ही नाकपुड्यांत असतात, फिकट आणि द्राक्षासारखे दिसतात, स्पर्श केला तरी दुखत नाहीत. एकाच बाजूचं नाक महिनोन्‌महिने बंद राहणं, त्याच बाजूने रक्तमिश्रित शेंबूड येणं, गालाला बधिरपणा, डोळ्यातून सतत पाणी, वरचे दात हलू लागणं, यांतलं काही असेल तर सर्दी म्हणून सोडून देऊ नये. मुलांत आणि तरुणांत एकाच बाजूला वाढणारा निरुपद्रवी पॉलिपही असतो. पण तो निरुपद्रवी आहे हे तपासूनच ठरतं. सागवान, शिसम अशा कठीण लाकडाच्या किंवा चामड्याच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेल्यांनी तर जास्तच जागरूक राहावं. ही धूळ आणि नाकातला कॅन्सर यांचा संबंध सिद्ध झालेला आहे.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.’ नाकातल्या गाठीचा चिमट्याने तुकडा घेतल्याने ती अंगभर पसरते, याला आधार नाही. धोका आहे तो चुकीच्या क्रमाने तुकडा घेण्यात. किशोरवयीन मुलाचा घोळणा वारंवार फुटतो आणि एक बाजू बंद आहे, तर अँजिओफायब्रोमाची शंका घ्यायची. ही रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ असते. बाह्यरुग्ण विभागात तिचा तुकडा तोडला तर रक्तस्राव आवरत नाही. तिचं निदान तुकड्याशिवाय, कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचलेलं औषध) देऊन केलेल्या स्कॅनवर होतं आणि शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी तिच्या रक्तवाहिन्या आतून बंद करतात. लहान बाळाच्या नाकात दिसणारी गाठ कधी कधी मेंदूचं आवरण खाली उतरल्यामुळे असते. तिथे चिमटा लावला तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतं आणि मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग) होऊ शकतो.

म्हणून क्रम असा: आधी दुर्बिणीने तपासणी, मग सीटी आणि एमआरआय, मग तुकडा. सीटीत हाड कुठे झिजलंय ते दिसतं. सायनसमध्ये गाठ किती आणि तिच्यामागे नुसता साचलेला स्राव किती, हे एमआरआय वेगळं करून दाखवतं. तुकडा आधी घेतला तर रक्त आणि सूज यांमुळे स्कॅन वाचणं अवघड होतं.

तुकडा घेण्यातही चुका होतात. वरवरची मेलेली साल घेतली, चिमट्यात ती चिरडली, एकच कण पाठवला, की रिपोर्ट येतो ‘फक्त सूज’. गाठ डोळ्यांना दिसत असेल तर अशा रिपोर्टवर थांबू नये, खोलवरचे तुकडे पुन्हा घ्यावेत. लिंफोमाची (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची) शंका असेल तर प्रयोगशाळेला आधी विचारावं, कारण काही तपासण्यांना फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) न टाकलेला ताजा तुकडा लागतो. वासाच्या मज्जातंतूंच्या भागातून निघणारा ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा (पुढे नुसतं न्यूरोब्लास्टोमा), लिंफोमा, मेलानोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर) हे कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच लहान गोल पेशींचे दिसू शकतात. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीशिवाय (पेशींवरची प्रथिनं रंगवून प्रकार ओळखणाऱ्या तपासणीशिवाय) नाव नक्की करणं चूक आहे, कारण नावावर उपचार बदलतो: न्यूरोब्लास्टोमाला शस्त्रक्रिया आणि बहुधा नंतर रेडिएशन, नाकातल्या एनके/टी या प्रकारच्या लिंफोमाला रेडिएशन आणि ॲस्पॅराजिनेज हे औषध असलेली केमोथेरपी. लिंफोमाची मोठी शस्त्रक्रिया करून रुग्णाला काहीच मिळत नाही.

‘तूप सोडा.’ तुपाने कोरडेपणा आणि खपल्या कमी होतात, म्हणून चार दिवस बरं वाटतं. गाठ तशीच राहते. तेलकट पदार्थ रोज सोडत राहिल्यास तो फुप्फुसात उतरून तिथे न्यूमोनिया होऊ शकतो, विशेषतः बाळांना आणि वृद्धांना. पण खरं नुकसान वेळेचं. नाकापुरता असलेला न्यूरोब्लास्टोमा पुढे नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूकडे सरकतो. नाकातला मेलानोमा तर इतका आक्रमक की त्याचं वर्गीकरणच टी१, टी२ या सौम्य पायऱ्या सोडून टी३ पासून सुरू होतं.

‘परत येतोच.’ इन्व्हर्टेड पॅपिलोमा (नाकाच्या अस्तराची, कॅन्सर नसलेली पण चिवट गाठ) याबाबत ही भीती निराधार नाही, पण गाठ परत येण्याचं कारण बहुतेकदा ठरावीक असतं: लोंबणारा भाग काढला, मूळ ठेवलं. मूळ जिथे चिकटलेलं असतं तिथलं आवरण काढून खालचं हाड ड्रिलने घासावं लागतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी विचारा, ‘मूळ कुठे आहे?’ आणि काढलेलं सगळं, दोन्ही बाजूंचं वेगवेगळ्या डब्यांत, तपासणीला जातंय ना, हेही विचारा. काही पॅपिलोमांत कॅन्सर दडलेला असतो, तो एका कोपऱ्यातच सापडू शकतो.

न्यूरोब्लास्टोमा दहा वर्षांनंतरही, कधी मानेतल्या गाठीच्या रूपात, परततो. त्यामुळे पाच वर्षं झाली म्हणून दुर्बीण, एमआरआय आणि मानेची तपासणी बंद करू नये. रिपोर्टच्या कागदाइतकाच पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुमचा तुकडा) जपा. दुसरं मत घ्यायला मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी गेलात तर पॅथॉलॉजिस्टला तोच हवा असतो. रेडिएशन ठरलं असेल तर ते सुरू होण्यापूर्वी दात दाखवून घ्या, काढायचे ते आधी काढा. नंतर काढल्यास जबड्याचं हाड भरून येत नाही, असं घडू शकतं.