स्टोअररूममधल्या वासाबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर लगेच लिहायला बसलो नाही. आधी कामाची फाइल, साइटचे फोटो आणि आमच्या माणसांचे मेसेज पुन्हा पाहिले, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या नव्या घरात ३ बाथरूम आहेत. पॅसेजमधलं कुणी वापरणार नव्हतं, म्हणून कमोड आणि बेसिन काढून आम्ही त्याची स्टोअररूम करून दिली. आता त्यांची तक्रार अशी: दोन महिन्यांनी आत गटाराचा वास येऊ लागला, कपाटाची पाठ खालून फुगली, कोपऱ्यातला पाइप आणि खोलगट फरशी आम्ही 'कामचुकारपणा करून' तशीच ठेवली, दार ड्रॉवरला अडतं आणि ८ दिवसांचं काम १९ दिवस चाललं. दोन तारे.

वासाचं आधी बोलतो. ती चूक आमची आहे आणि त्यात 'पण' नाही.

कमोडचा आणि बेसिनचा पाइप आम्ही एंड कॅप चिकटवून बंद केले. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग, मात्र उघडा राहिला, आणि तोही विसरून नव्हे. तुमच्या बेडरूममधल्या एसीच्या पाण्याची नळी फरशीखालून त्याच ट्रॅपला येते. तो बुजवला असता तर ते पाणी तुंबून बेडरूममध्ये उतरलं असतं. म्हणून प्लंबरने ट्रॅप ठेवला. दुसऱ्या दिवशी सुतार आला, त्याने वर कपाट बसवून टाकलं. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही, आणि त्यांना विचारायला लावणं हे माझं काम होतं.

या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असावं लागतं. गटारातली हवा आणि घर यांच्यामध्ये आडोसा असतो तो तेवढ्या पाण्याचाच. वापरातल्या बाथरूममध्ये रोज पाणी पडतं, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुमच्याकडे एसी चालू होता तोवर ट्रॅप आपोआप भरत होता, म्हणूनच काम ताब्यात देताना आणि पुढचे काही आठवडे कसलाच वास आला नाही. मग हवा गार झाली, एसी बंद झाला, ट्रॅपमधलं पाणी हळूहळू उडून गेलं आणि गटाराची वाट थेट तुमच्या कपाटाखाली उघडी पडली. झुरळं दिसू लागली असं तुम्ही लिहिलंय, तीही त्याच वाटेने आली असणार.

यावर तुम्ही फोन केलात तेव्हा आमच्या सुपरवायझरने सांगितलं, 'एक्झॉस्ट दिवसभर चालू ठेवा.' हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. बंद खोलीतून फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढी कुठून तरी आत यावी लागते. दाराच्या फटीला तुम्ही धुळीसाठी रबराची पट्टी लावली आहे. मग हवेला यायला उरला तो कोरडा ट्रॅप! म्हणजे आमच्याच सल्ल्याने फॅन गटारातली हवा ओढून घरात आणत होता. 'फॅन लावला की वास वाढतो, आणि हे म्हणतात तुमचा भास आहे,' असं तुम्ही लिहिलंय. भास नव्हता, तुमचं निरीक्षण अचूक होतं. सडक्या अंड्यासारखा हा वास मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा. त्यात थोडा वेळ राहिलं की नाक त्याला सरावतं, त्यामुळे घरातल्यांना जाणवेनासा होतो आणि पाहुणा दारातच नाक मुरडतो.

आता कपाटाच्या पाठीबद्दल. कोटेशनमध्ये 'मरीन प्लाय', म्हणजे ओल सोसणारं प्लायवूड, लिहिलं होतं आणि कपाटाचा सांगाडा त्याचाच आहे. पाठीला मात्र ६ मिलिमीटरचं एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेला, पाण्याने फुगणारा बोर्ड आहे, तेही कोटेशनमध्ये खालच्या ओळीत लिहिलेलं होतं. कागदोपत्री आम्ही बरोबर ठरू, पण एकेकाळच्या बाथरूममध्ये एमडीएफची पाठ लावायला नको होती, आणि भिंतीला चिकटवून तर नाहीच. त्या भिंतीच्या पलीकडे तुमचा रोजचा शॉवर आहे. ओल तिकडून झिरपते आहे की आतलीच दमट हवा गार टाइलवर पाणी धरते आहे, हे नुसत्या फोटोवरून मी सांगणार नाही. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. कपाट पुढे घेऊन भिंतीवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे आले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला आले तर हवेतली. ओल भिंतीतली निघाली तर आधी शॉवरच्या बाजूचे सांधे भरून घ्यावे लागतील. त्याशिवाय नवी पाठ लावली तर तीही फुगेल.

फरशी आणि कोपऱ्यातला पाइप यांच्याबाबत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. तुम्हाला बाथरूमची फरशी फोडून पॅसेजच्या पातळीला आणून हवी होती आणि आम्ही नाही म्हटलं. बाथरूमखालचा स्लॅब मुद्दाम खोल घेतलेला असतो. त्यात पाइप, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वॉटरप्रूफिंग आणि मग फरशी. तुमच्या शेजारच्या बाथरूमची ड्रेनेज लाइन याच भरावातून जाते. फरशी फोडायचा ब्रेकर लावला असता तर वॉटरप्रूफिंग फुटलं असतं, कदाचित पाइपही, आणि पहिला डाग खालच्यांच्या छताला पडला असता. पातळी सारखी करायचीच असेल तर आहे त्या फरशीवर हलका लाकडी प्लॅटफॉर्म करता येतो. तो आम्ही सुचवला होता, तुम्हाला उंची कमी होईल असं वाटलं. तेही खरंच आहे.

आणि तो उभा पाइप 'उगाच ठेवलेला' नाही. तो व्हेंट आहे. कमोडचं पाणी जोरात खाली जाताना मागे हवा लागते, ती त्यातून मिळते. तो कापून बुजवला असता तर उरलेल्या दोन बाथरूममध्ये गडगड आवाज आला असता आणि त्यांच्या ट्रॅपमधलं पाणीही ओढलं जाऊ शकलं असतं. दिसायला तो वाईट आहे, मान्य. त्याला पेटी करून देतो, पुढे उघडता येईल अशी.

दाराबद्दल: ते बाहेर उघडणारं करू, असं आम्ही म्हटलं होतं. पॅसेज अडेल म्हणून तुम्ही नको म्हणालात. तरीही ड्रॉवर आखण्याआधी दार उघडून माप घ्यायला हवं होतं. ड्रॉवर अरुंद करून देतो.

१९ दिवसांपैकी ५ दिवस गेले ते त्या बाथरूमला वेगळा व्हॉल्व्ह नव्हता म्हणून. नळाची लाइन नुसती टोपी लावून सोडली असती तर भिंतीत पाणी साठून राहिलं असतं, म्हणून ती मुख्य लाइनच्या जोडापर्यंत मागे कापली. बाकीची दिरंगाई सुताराची, म्हणजे आमचीच.

या शनिवारी मी स्वतः येतो, प्लंबर आणि सुतार दोघांना एकाच वेळी घेऊन. एसीची नळी वॉश एरियातल्या ट्रॅपला वळवू, मग नहाणीला काढता येणारा रबरी प्लग बसवू, म्हणजे पुढे कधी बाथरूम परत हवं झालं तर फोडाफोड नको. एमडीएफ काढून प्लायची पाठ लावू, भिंतीपासून २ इंच सोडून. परीक्षेत ओल भिंतीतली निघाली तर तेवढं काम पुढे जाईल, बाकीचं त्याच दिवशी. या कशाचेही पैसे घेणार नाही. तारे बदला असंही म्हणणार नाही.

तोवर फॅन बंद ठेवा आणि दाराची रबरी पट्टी तशीच राहू द्या. कपाटाखालची पट्टी नुसती क्लिपवर आहे, ओढली की निघते. आत हात घालून नळीने नहाणीत दोन मग पाणी सोडा आणि वर चमचाभर तेल, म्हणजे पाणी लवकर उडणार नाही. संध्याकाळपर्यंत फरक जाणवायला हवा. नाही जाणवला तर शनिवारची वाट पाहू नका, मला फोन करा.

अजून एक. काम सुरू झालं त्या दिवशी तुमच्या सासूबाईंनी आमच्या सुताराला विचारलं होतं, 'अरे, त्या जाळीचं काय करणार?' तो म्हणाला, 'आजी, कपाटाखाली जाईल, दिसणार नाही.' हे मला त्यानेच काल सांगितलं. शनिवारी कपाटाच्या तळात जाळीच्या वर एक झाकण कापून घेतो, उघडून बघता येईल असं. कुठे कापायचं ते त्यांनाच विचारू.