घड्याळ लावून हात तयार होत नाही

डेंटल हायजिनच्या, म्हणजे दात साफ करण्याचं आणि हिरड्या जपण्याचं काम शिकणाऱ्या, विद्यार्थिनींना लॅबमधून प्रत्यक्ष पेशंटपर्यंत कसं न्यावं, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर 'एक अनुभवी डेंटिस्ट' या नावाने प्रतिक्रिया आली आहे. म्हणणं थोडक्यात असं: नव्या मुली एका स्केलिंगला, म्हणजे दातांवरचा कडक थर खरवडून काढायला, तास घालवतात, पेशंटशी बोलत नाहीत, नोंदी धड लिहीत नाहीत, कारण "शिकवणाऱ्यांचा (पेशंटच्या) खुर्चीशी संबंध कधीच तुटलेला असतो, वेग कशाशी खातात ते त्यांना माहीत नाही."

मतभेद असू द्यात, पण हे मत नव्हे, टोमणा आहे. स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याच्या कामावर असं एका ओळीत पाणी फिरवणं मला पटत नाही.

एक मान्य. फँटम हेडला, म्हणजे लॅबमधल्या सरावाच्या नकली डोक्याला, लाळ सुटत नाही, जीभ मध्ये येत नाही, श्वासाने आरसा धुरकट होत नाही. यावर लेखात अजून लिहायला हवं होतं असं तुम्ही म्हणता, तर पुढच्या लेखात लिहीन.

आता तो खुर्चीशी संबंध. शिकवायला लागण्याआधी मी बरीच वर्षं क्लिनिकमध्येच होते आणि आजही पेशंट बघते. पहिली नोकरी जिथे केली तिथे मालकांची नजर कामापेक्षा घड्याळावर जास्त असायची. आधी 'झटपट' साफ करून गेलेले पेशंट परत यायचे. वरून दात चकचकीत. एक्स्प्लोरर, म्हणजे चाचपायची बारीक टोकदार सळई, हिरडीखाली सरकवला की दाढेच्या मागच्या बाजूला कडक, गुळगुळीत थर लागायचा. हत्याराच्या पात्याचा दाताशी कोन ४५ अंशांच्या खाली गेला की पातं कॅल्क्युलसच्या, म्हणजे त्या कडक थराच्या, कडेत अडकत नाही, वरून घसरतं. थर निघत नाही, त्याला पॉलिश होतं. मग तो हाताला सहज कळतही नाही आणि काढायला आणखी जड जातो. हा तुमचा वेग मी जवळून पाहिला आहे, साहेब. ती घाण निस्तरली आहे.

लॅबमध्ये उत्तम काम करणारी मुलगी पहिल्या पेशंटपाशी अडते ती नेमकी इथे. हात स्थिर राहावा म्हणून दातावर अनामिकेचा टेका घेतलेला असतो, तो लाळेवरून निसटतो. टेका गेला की ती क्युरेट (खरवडायचं हत्यार) गच्च धरते, बोटांची पेरं पांढरी पडतात, आणि जो स्ट्रोक मनगट आणि हातातून यायला हवा तो ती नुसत्या बोटांनी ओढायला लागते. त्या क्षणी मी मागे उभी राहून एवढंच सांगते: हात बाहेर काढ, दात कोरडा कर, टेका पुन्हा घे. दाढेची मेसिअल (पुढची) बाजू ग्रेसी ११/१२ नंबरच्या क्युरेटने झाली ना, मग डिस्टलला (मागच्या बाजूला) १३/१४ घे, त्याच हत्याराने ओढू नकोस. प्रोबिंगचंही, म्हणजे हिरडी आणि दातामधली खोली मोजण्याचंही, तेच. एका दाताला ६ नोंदी, २८ दात असले तरी १६८, आणि प्रत्येक वेळी दाब साधारण २५ ग्रॅमच. घाबरलेला हात एकतर वरवर फिरतो नाहीतर रुततो. या सगळ्याला तास लागतो, आणि सुरुवातीला लागलाच पाहिजे. टेका आणि कोन बसले की वेळ आपोआप कमी होतो. उलट क्रमाने शिकवलं तर आयुष्यभराची चुकीची सवय लागते आणि मनगट दुखायला लागतं ते वेगळंच.

१९१३ साली डेंटिस्ट अल्फ्रेड फोन्स यांनी अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टला हायजिनिस्टांचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला तो रोग होण्याआधी थांबवावा म्हणून. दिवसाचे पेशंट वाढवायला नव्हे.

पेशंटशी बोलणं, नोंदी वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे मी वाचले. त्यात वाद घालण्यासारखं काही दिसलं नाही.

तुमच्याकडे पुढची नवी मुलगी येईल तेव्हा तिला पहिले काही आठवडे पूर्ण वेळ द्या. तिच्या पाठीशी उभं राहून टेका कुठे सुटतो ते स्वतः बघा. मग इथे जरूर लिहा, जमल्यास स्वतःच्या नावाने.