‘साधी ५०० समोर होती, तरी दिली नाही’ : मेडिकलकडून उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी तीन आहेत. मुलाची फिटवरची गोळी, व्हॅलप्रोएट सीआर ५०० (सीआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी), आमच्याकडे संपली होती आणि साधी ५०० शेल्फवर असूनही आम्ही ती न देता ‘डॉक्टरांना फोन करा’ म्हणालो. चालू फिट थांबवायचा, मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे जुन्या चिठ्ठीवर दिला नाही. आणि ‘दोन वर्षं फिट नाही, दोन दिवस गोळी नसली तर काय बिघडतं’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही.

दोन्ही गोळ्यांवर ५०० छापलेलं असलं तरी त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. सीआरमध्ये ३३३ मिलिग्रॅम सोडियम व्हॅलप्रोएट आणि १४५ मिलिग्रॅम व्हॅलप्रोइक ॲसिड असतं. हे मिश्रण ५०० मिलिग्रॅम सोडियम व्हॅलप्रोएटइतकं भरतं आणि पोटात तासन्‌तास थोडं थोडं सुटत राहतं. म्हणूनच ती गोळी चावायची किंवा कुटायची नसते. साधी गोळी आतड्यात पोचली की बरंचसं औषध लवकर सोडते. रक्तातली पातळी झपाट्याने चढते आणि पुढच्या डोसाआधी उतरते. चढली की मळमळ, हाताला कंप, गुंगी. उतरली की फिटला वाट मोकळी. सीआर दिवसातून एकदा-दोनदा पुरते, साधी बहुतेकदा दोन-तीन वेळा विभागून द्यावी लागते. ही विभागणी काउंटरवर ठरत नाही. शिवाय औषध नियम १९४५ मधला नियम ६५(११अ) सांगतो की शेड्यूल एचमधल्या (म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या) औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलंय त्याऐवजी दुसरं काही द्यायचं नाही, मग आतलं औषध तेच का असेना. डॉक्टरांनी चिठ्ठीवर बदल लिहून सही केली की साधी गोळी लगेच मिळेल. फोन करायला सांगितलं ते एवढ्यासाठी.

आता दोन दिवसांचा प्रश्न. दोन वर्षं फिट नाही ती गोळी चालू आहे म्हणून. गोळी मेंदूतला अचानक होणारा विद्युत-भडिमार अडवते, त्यामागचं कारण काढून टाकत नाही. कारण डोक्याला मार लागल्याचा व्रण असेल, जन्मावेळी प्राणवायू कमी पडला असेल, टीबीची गाठ असेल किंवा पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत झालेली गाठ असेल. (ही अंडी नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीतूनही येतात, त्यामुळे ‘आम्ही शाकाहारी’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही.) पुष्कळांत कारण सापडतच नाही. साधारण दोन वर्षं फिट नसेल तर डॉक्टर कारण आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) पाहून डोस कमी करण्याचा विचार करतात, पण तो काही महिने घेऊन, टप्प्याटप्प्याने. स्टॉक संपला म्हणून एकदम तोडलेली गोळी फिटवर फिट आणू शकते. एखादा डोस राहिला तर आठवण होताच द्यावा. पुढच्या डोसाची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्यावा. दोन डोस एकत्र द्यायचे नाहीत.

स्प्रेचं कारण वेगळं. मिडाझोलम शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे आणखी कडक नियमांच्या यादीत आहे. रुग्ण, डॉक्टर आणि किती दिलं याची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. एकदा औषध दिलेल्या चिठ्ठीवर, डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर, ते पुन्हा देता येत नाही. नियम बाजूला ठेवला तरी जुन्या चिठ्ठीवर मुलाचं जुनं वजन असतं. नाकातून साधारण ०.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो हा हिशेब धरला तर ३० किलोच्या मुलाला ६ मिलिग्रॅम लागतं. एका कंपनीचा फवारा ०.५ मिलिग्रॅमचा, म्हणजे बारा फवारे, दुसरीचा १.२५ चा, म्हणजे जेमतेम पाच. चिठ्ठीवर नुसतं ‘स्प्रे’ लिहिलेलं असेल तर ऐन वेळी घरचे काय मोजणार? मिलिग्रॅम, फवाऱ्यांची संख्या आणि प्रत्येक नाकपुडीत किती, हे सगळं लिहून घ्या. फिट सुरू होताच घड्याळ पाहा, मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर लिहून दिलेला डोस द्या आणि लगेच रुग्णालय गाठा.

तुम्ही विचारलं नव्हतं, तरी पावसाळा आहे म्हणून सांगतो: व्हॅलप्रोएट हवेतली ओल शोषून चिकट होतं. गोळ्या आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नका, घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढा.

सीआर ५०० आता आलेली आहे. पुढच्या वेळी आठ-दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच चिठ्ठी घेऊन या. स्टॉक नसला तर मागवायला तेवढा वेळ मिळतो.